कॅज्युअल्टीतला प्रोब : दुर्गम भागात सोनोग्राफीला नेमकं काय विचारायचं?

सह्यकडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

ग्रामीण रुग्णालयांत आणि ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यांत आता सोनोग्राफीचे हातात मावणारे प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) दिसू लागलेत. कंपनीचा माणूस येतो, यकृत-मूत्रपिंड सुबक दाखवतो, चहा पितो आणि जातो. मशीन कपाटात जातं. रात्री दोनला ट्रॅक्टर उलटून आलेल्या माणसावर ते कुठे टेकवायचं आणि दिसलेल्या काळ्या पट्टीवरून काय ठरवायचं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्या उत्तराने पुढच्या दहा मिनिटांतली कृती बदलेल तेवढंच प्रोबला विचारायचं, आणि तेही हो-नाहीत उत्तर येईल असं. पोटात रक्त आहे का? छातीत हवा आहे का? हृदयाभोवती पाणी आहे का? हृदय नीट आकुंचन पावतंय का? फुप्फुस ओलं की कोरडं? बाकीचं रेडिऑलॉजिस्टकडे. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या पुढे, पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की रस्ताच तुटतो. पाठवायचं का, आत्ता की उजाडल्यावर, आणि सोबत कोण जाणार, हे तिथले खरे प्रश्न.

सुरुवात ई-फास्टने करू, म्हणजे मार लागलेल्याच्या पोटात-छातीत रक्त आणि हवा शोधणारी झटपट सोनोग्राफी (नुसतं पोट आणि हृदय बघितलं तर फास्ट). कर्व्हिलिनियर (बाकदार तोंडाचा) प्रोब, २ ते ५ मेगाहर्ट्झ, अ‍ॅब्डोमेन प्रीसेट, खोली १५-१६ सेंमी, प्रोबवरची खूण पेशंटच्या डोक्याकडे. पेशंट उताणा. कॉटची डोक्याकडची बाजू थोडी खाली करता आली तर वरच्या पोटातलं रक्त लवकर दिसतं.

उजवी बाजू: मिड-अ‍ॅक्झिलरी रेषेवर (काखेच्या मधून खाली उतरणारी), आठवी ते अकरावी बरगडी. यकृत आणि मूत्रपिंडामधली मॉरिसनची जागा सगळ्यांना पाठ असते. तिथे काळं, म्हणजे द्रव, दिसलं नाही की लोक प्रोब उचलतात आणि तिथेच फसतात. थोडं रक्त बऱ्याचदा आधी यकृताच्या खालच्या टोकाशी दिसतं. ते टोक आणि मूत्रपिंडाचा खालचा ध्रुव पडद्यावर आल्याखेरीज उजवी बाजू 'पाहिली' असं लिहू नये. बरगडीची सावली मध्ये आली तर प्रोब किंचित तिरका, बरगड्यांच्या फटीला समांतर करायचा. मग वर सरकून डायफ्रामच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) पलीकडे बघायचं. एरवी मणक्याची पांढरी रेषा डायफ्रामपाशी संपते, कारण पुढे हवा असते. ती वरही चालू दिसली तर छातीत द्रव आहे.

डावी बाजू अवघड. प्रोब वाटतो त्याहून मागे आणि वर लागतो: पोस्टीरियर अ‍ॅक्झिलरी रेषा (काखेच्या मागच्या कडेची), सहावी ते नववी बरगडी. प्रोब धरलेल्या हाताची पेरं गादीला टेकली नाहीत तर तुम्ही फार पुढे आहात. इथे रक्त आधी प्लीहा आणि डायफ्राम यांच्यामध्ये साचतं, मूत्रपिंडापाशी नंतर येतं. भरलेलं जठर इथे हमखास चकवतं. त्याला स्वतःची भिंत असते आणि आतला ऐवज हलतो.

ओटीपोट: कॅथेटर घालण्याआधी बघा. रिकाम्या मूत्राशयामागे काही कळत नाही. आधीच घातला असेल तर कॅथेटरमधून २०० ते ३०० मिली सलाइन भरून क्लॅम्प करा. भरलेल्या मूत्राशयामागचा भाग आपोआप उजळतो आणि त्या उजेडात पातळ काळी पट्टी हरवते, म्हणून गेन (चित्राचा उजळपणा) कमी करायचा. उभा आणि आडवा, दोन्ही छेद घ्या.

हृदय: झायफॉइडखाली (छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाखाली) प्रोब जवळजवळ आडवा झोपवून, खोली १८-२० सेंमी, गुडघे वाकवून, श्वास आत घ्यायला सांगून. यकृत हीच तुमची खिडकी. ती सोडून मधोमध गेलात की पोटातला गॅस आडवा येतो.

बोथट मारात या क्रमाने. छातीत भोसकलेल्या माणसात हृदय पहिलं.


गोल्डन_अवर

उत्तम धागा. सह्यकडा सर, एक भर घालतो, कारण यावरून जीव जातात: निगेटिव्ह फास्ट म्हणजे 'पोटात काही नाही' असं नाही. २०० मिलीच्या आतलं रक्त सहसा दिसत नाही. नवख्या हाताला बरंच जास्त लागतं. आतड्याला भोक, स्वादुपिंडाचा मार, पाठीमागच्या पोकळीतला रक्तस्राव, ओटीपोटाच्या हाडांचा रक्तस्राव, हे फास्टमध्ये लपतात. यकृत फाटलंय पण रक्त अजून बाहेर आलेलं नाही, तेही लपतं. म्हणून पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी अर्ध्या तासाने पुन्हा, बीपी घसरलं तर लगेच पुन्हा, आणि गाडीत चढवण्याआधी एकदा.

गोठलेलं रक्त काळं दिसत नाही, करडं दिसतं, यकृतासारखंच. तास-दोन तास वाट काढत आलेल्या पेशंटमध्ये हे लक्षात ठेवा.

उलट बाजूही आहे. आपल्याकडे लिव्हर सिरॉसिस आणि पोटाचा टीबी काही दुर्मीळ नाहीत. पोटात पाणी आधीपासून असलेला माणूस दुचाकीवरून पडला तर फास्ट पॉझिटिव्हच येणार. शंका असेल तर प्रोबखाली बघून सुईने थोडा द्रव काढा. रक्त की पिवळं पाणी, तिथल्या तिथे कळतं.

पॉझिटिव्ह आणि बीपी ९० च्या खाली असेल तर पुढे चित्र सजवत बसू नका. १०८ ला फोन, पुढच्या सर्जनला फोन, दोन मोठ्या सुया, ब्लड स्टोरेज असेल तर रक्त. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव रोखणारं औषध) १ ग्रॅम दहा मिनिटांत, मार लागल्यापासून तीन तासांच्या आत, पुढचा १ ग्रॅम आठ तासांत. डोक्याला मार नसेल तर सिस्टॉलिक (वरचं बीपी) ८०-९० वर समाधान मानायचं. सलाइनच्या बाटल्या ओतून १२० करायला जाऊ नये. रक्त पातळ होतं आणि धरलेली गुठळी सुटते.

पूर्ण ई-फास्ट दोन-तीन मिनिटांत आटपला पाहिजे. गाडी दारात उभी असेल तर स्कॅनसाठी थांबवू नका.


मोहफूल

प्रा. आ. केंद्रातून विचारतेय. बाळंतपणाच्या वयाची बाई, पोटात दुखतंय, चक्कर, पांढरीफटक, मार वगैरे काही नाही. अशा वेळी हेच चार कोपरे बघायचे का?


गोल्डन_अवर

मोहफूल ताई, हो, आणि आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. ती पॉझिटिव्ह आणि मॉरिसनच्या जागेत द्रव, म्हणजे फुटलेली एक्टोपिक (गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा) समजूनच हालचाल करायची. द्रव वर यकृतापर्यंत पोचलाय म्हणजे स्राव बराच झालाय आणि तिला शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता फार मोठी. अशा वेळी गर्भाशयात पिशवी आहे की नाही हे शोधण्यात वेळ घालवू नका, ते पुढच्या ठिकाणी बघतील. फक्त फॉर्म एफ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची कायदेशीर नोंद) विसरू नका. त्यावर खाली कुणीतरी लिहीलच.


भूलभुलैया

छातीबद्दल मी लिहिते.

हवा आहे का, हे बघायला लिनियर (सपाट तोंडाचा) प्रोब उत्तम. कर्व्हिलिनियर असेल तर खोली कमी करा. बरगड्यांमधली दुसरी-तिसरी फट, मिड-क्लॅव्हिक्युलर रेषा (गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या मध्यातून खाली), पेशंट उताणा. दोन बरगड्यांच्या सावल्या आणि त्यांच्यामध्ये खाली एक पांढरी रेषा, ते प्ल्यूरा, म्हणजे फुप्फुसाचं आवरण. ती श्वासागणिक मुंग्या चालल्यासारखी सरकते. सरकतेय म्हणजे प्रोबखालच्या त्या जागेत न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा) नाही. फक्त त्या जागेत, म्हणून प्रत्येक बाजूला दोन-तीन फटी बघा. एम-मोडमध्ये (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारं चित्र) सरकणारं फुप्फुस वरती सरळ रेघा, खाली वाळू असं दिसतं. न सरकणारं वरपासून खालपर्यंत बारकोड.

सरकत नाही म्हणून लगेच ड्रेन (छातीतली हवा-पाणी काढायची नळी) घालू नका. जुन्या टीबीने फुप्फुस छातीला चिकटलेलं असेल तर ते सरकत नाही. श्वासाची नळी उजव्या ब्रॉंकसमध्ये (उजव्या फुप्फुसाच्या वाटेत) गेली असेल तर डावं फुप्फुस सरकत नाही. मोठा बुला (फुप्फुसातला हवेचा फुगा) असेल, श्वास थांबलेला असेल तरीही नाही. अशा वेळी प्ल्यूरा हृदयाच्या ठोक्याबरोबर थरथरतेय का बघा. थरथरत असेल तर तिथे हवा नाही. आणि सरकणं जिथे संपतं तो बिंदू, लंग पॉइंट, मिळाला तर न्यूमोथोरॅक्स पक्का.

उताण्या पेशंटच्या एक्स-रेमध्ये पुढे साचलेली हवा बऱ्याचदा सुटते, सोनोग्राफीत सापडते. पण टेन्शन न्यूमोथोरॅक्सचं (अडकलेली हवा हृदय-फुप्फुस दाबते तेव्हाचं) निदान डोळ्यांनी आणि हातांनी करायचं. बीपी पडतंय, गळ्याच्या शिरा फुगल्यात, एका बाजूला हवा जात नाही, तर मशीन सुरू होण्याची वाट कसली बघता? चौथी-पाचवी फट, मिड-अ‍ॅक्झिलरी रेषेच्या किंचित पुढे, १४ गेज, ८ सेंमी लांबीची सुई. साधा कॅन्युला बऱ्याच प्रौढांमध्ये आतपर्यंत पोचतच नाही.

ड्रेन घालण्याआधी मात्र प्रोब जरूर लावा. डायफ्राम श्वासाबरोबर कुठपर्यंत वर येतो ते बघून खूण करा. यकृतात किंवा प्लीहेत ट्रोकार (नळीची टोकदार सळई) जाण्याचे प्रकार यातून टळतात.

आता ओलं फुप्फुस. बी-लाइन म्हणजे प्ल्यूरापासून निघून पडद्याच्या तळापर्यंत जाणारा, श्वासाबरोबर हलणारा पांढरा झोत. एका फटीत तीन किंवा जास्त, दोन्ही बाजूंना दोन-दोन जागी, म्हणजे फुप्फुसात पाणी किंवा सूज. मशीनमधली कंपाउंड इमेजिंग आणि हार्मॉनिक्स बंद करा. चित्र गुळगुळीत करणारं हे सॉफ्टवेअर बी-लाइन पुसून टाकतं. दमेकऱ्याच्या छातीत काळं मैदान आणि आडव्या ए-लाइन (प्ल्यूरा-रेषेच्याच खाली दिसणाऱ्या समांतर प्रतिमा), हृदय फेल झालेल्याच्या छातीत झोत. रात्री धापा टाकत आलेल्या म्हाताऱ्याला डेरिफायलिन (दम्याचं) की फ्युरोसेमाइड (पाणी काढणारं), हा घोळ यातून बराच सुटतो.

बी-लाइन एकाच बाजूला, प्ल्यूरा खडबडीत, खाली यकृतासारखा दिसणारा तुकडा, म्हणजे न्यूमोनियाकडे झुका. गडचिरोली-नंदुरबार पट्ट्यात सिकलसेलचा पेशंट छाती दुखते म्हणून आला तर हे आवर्जून बघा. अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोममध्ये (सिकलसेलमधला फुप्फुसाचा गंभीर त्रास) सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो.


सह्यकडा

भूलभुलैया, सुंदर. यात आपल्या मातीतला विषय जोडतो, विंचूदंश. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनने (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) विंचूदंशाचे मृत्यू कसे रोखले ते सगळ्यांना ठाऊक आहे. लाल विंचवाच्या विषाने कॅटेकोलामाइनचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचा स्नायू दमतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात थंड पडलेले हातपाय, घाम, उलट्या घेऊन मूल येतं आणि बीपी कमी दिसलं की सलाइन जोरात सोडायचा मोह होतो. तिथे प्रोब दोनदा लावा. छातीवर दोन्हीकडे बी-लाइन आहेत का? आणि हृदयाचा डावा कप्पा नीट दाबला जातोय का? बी-लाइन दिसू लागल्या आणि कप्पा जेमतेम हलतोय तर सलाइनचा बोलस (एकदम जोरात सोडणं) घातक. प्राझोसिन ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. आडवं ठेवून, कारण पहिल्या डोसनंतर उठवून बसवलं तर बीपी पडतं. बी-लाइन स्टेथोस्कोपला घरघर ऐकू येण्याआधी दिसू शकतात, म्हणून सुरुवातीला छाती स्वच्छ असेल तरी तासाभराने पुन्हा बघा.


अर्धाकप_चहा

फवारणीचं औषध प्यायलेल्यांत चालेल का हे? अ‍ॅट्रोपिन पुरेसं झालं का ते बी-लाइनवरून ठरवायचं?


भूलभुलैया

नाही. ऑर्गनोफॉस्फेटमध्ये (अशा फवारणीच्या औषधांचा गट) अ‍ॅट्रोपिनचे निकष जुनेच: छाती स्वच्छ वाजते, नाडी ८० च्या वर, सिस्टॉलिक ८० च्या वर, काखा कोरड्या, बाहुल्या बारीक नाहीत. बी-लाइन अ‍ॅस्पिरेशननेही येतात आणि अ‍ॅट्रोपिनने जात नाहीत. त्यांच्या मागे लागलात तर अ‍ॅट्रोपिनचंच विष चढेल.


काळं_पांढरं

मी रेडिऑलॉजीवाला. आमची जमात या प्रकाराकडे तिरक्या नजरेने बघते हे कबूल. पण १९८८ च्या आर्मेनियाच्या भूकंपात जखमींची छाननी सोनोग्राफीवरच झाली होती, ७२ तासांत ४०० जण. तेव्हा तत्त्वाला विरोध नाही, सवयींना आहे.

पहिली सवय, 'रिपोर्ट' लिहिण्याची. तुम्ही चार प्रश्नांची उत्तरं शोधलीत, तेवढंच लिहा. पित्ताशयात खडा दिसला, मूत्रपिंडावर गाठ दिसली, तर 'नंतर सविस्तर सोनोग्राफी करावी' इतकंच. पोट बघितलं, सगळं नॉर्मल आहे, हे वाक्य नातेवाइकांसमोर उच्चारू नये. ते वाक्य पुढच्या हॉस्पिटलपर्यंत जातं आणि तिथला सीटी लांबतो.

दुसरी, आयव्हीसीवर (शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेवर) भाबडा विश्वास. उजव्या कर्णिकेपासून दोनेक सेंमीवर मोजा. २.१ सेंमीपेक्षा बारीक आणि हुंगल्यावर अर्ध्याहून जास्त मिटते तर कर्णिकेतला दाब कमी. २.१ च्या वर आणि अर्धीही मिटत नाही तर दाब जास्त. या दोन टोकांना अर्थ आहे, मधल्या भागात काही नाही. आणि मिटलेली आयव्हीसी म्हणजे 'सलाइन द्या' असा आदेश नव्हे, निरोगी माणसातही मिटते. व्हेंटिलेटरवर तर हे आकडे लावूच नका. अनेक जण शेजारची महाधमनी मोजून बसतात. यकृतातून जाते आणि कर्णिकेत उघडते ती आयव्हीसी. जाड भिंतीची, उडणारी, मणक्यावर टेकलेली ती महाधमनी.

तिसरी, हृदयाभोवतीची चरबी पाणी म्हणून वाचणे. फक्त पुढच्या बाजूला, ठिपकेदार, हृदयाबरोबर हलणारी पट्टी म्हणजे चरबी. डावीकडचं प्ल्यूरातलं पाणीही पेरिकार्डियमचं, म्हणजे हृदयाच्या पिशवीतलं, वाटतं. पॅरास्टर्नल लाँग अ‍ॅक्सिसमध्ये (छातीच्या हाडाशेजारून हृदयाच्या लांबीचा छेद) उतरती महाधमनी शोधा. तिच्या पुढे शिरतं ते पेरिकार्डियमचं, मागे राहतं ते प्ल्यूराचं. टॅम्पोनाड (पिशवीतल्या द्रवाने हृदय दाबलं जाणं) म्हणायचं असेल तर नुसतं पाणी पुरत नाही: डायस्टोलमध्ये उजवी जवनिका आत दबतेय, आयव्हीसी फुगून बसलीय, आणि पेशंटची अवस्थाही तशी आहे. पाणी किती साठलंय त्यापेक्षा किती वेगाने साठलं ते महत्त्वाचं. मारात थोडं रक्तही पुरतं, टीबीत लिटरभर पाणी घेऊन माणूस चालत येतो.


गोल्डन_अवर

सीपीआरमध्ये (हृदय थांबल्यावर छाती दाबताना) वापरणाऱ्यांसाठी: प्रोब लावायचा म्हणून दाबणं थांबवायचं नाही. प्रोब झायफॉइडखाली आधीच ठेवा, खोली आधीच लावा, नाडी तपासायला थांबतील त्या दहा सेकंदांत फक्त क्लिप रेकॉर्ड करा. एकाने मोठ्याने दहा मोजायचे. दहाला दाबणं सुरू, मग क्लिप बघा. स्कॅन करताना हा थांबा २० सेकंदांच्या पुढे जातो हे मोजून दाखवलेलं आहे. जो सीपीआरचं नेतृत्व करतोय त्याने प्रोब हातात घेऊ नये.


जम्परवायर

यंत्राबद्दल कुणी बोलतच नाही, म्हणून बायोमेडिकलवाल्याची भर.

प्रोब मरतो तो पडून, नाहीतर केबलच्या गळ्याशी वाकून. केबल मुठीभोवती करकचून गुंडाळू नका, मोठी सैल वेटोळी करा. पडल्यावर तपासायचं कसं? जेल न लावता प्रोब हवेत धरा. वरती आडव्या समांतर पट्ट्या दिसतात. त्यात एखादी उभी काळी रेघ सलग खाली जात असेल तर तिथले एलिमेंट (ध्वनी सोडणारे बारीक भाग) गेलेत. मग पेपर क्लिपची कड प्रोबच्या तोंडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू सरकवा. चित्र जिथे गायब होतं तो मेलेला भाग. असा प्रोब पोटाला कसाबसा चालतो. शीर शोधताना सुई बरोबर त्या काळ्या रेघेत हरवते.

स्पिरिटने पुसणं बंद करा. पुष्कळ कंपन्यांच्या प्रोबची रबरी लेन्स अल्कोहोलने कडक होऊन तडकते. मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या जंतुनाशकांची यादी असते, ती छापून मशीनवर चिकटवा. आधी जेल पूर्ण पुसून काढायचं, नाहीतर जंतुनाशक वरवर फिरतं. रक्त लागणार असेल तर प्रोबवर ग्लोव्ह चढवा, आत जेल, बाहेर जेल, मधले बुडबुडे बोटाने काढून.

जेल संपलं तर खोबरेल तेल नको, तेलाने लेन्स फुगते. मक्याचं पीठ, म्हणजे बाजारातलं पांढरं कॉर्नफ्लोअर, एक भाग, पाणी दहा भाग. गार पाण्यात आधी कालवून मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, गार करा. गुठळी राहिली तर चित्रात सावली पडते, म्हणून गाळून घ्या. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी आंबतं. उघड्या जखमेवर आणि सुईच्या कामाला अजिबात नको, तिथे निर्जंतुक पाकीटच.

हातातले प्रोब तापतात, सलग स्कॅन केला की स्वतःहून बंद पडतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये तर लवकरच. दोन स्कॅनमध्ये फ्रीझ करायची सवय लावा, फ्रीझमध्ये प्रोब ध्वनी सोडत नाही. बटरफ्लायसारखा चिपवरचा प्रोब एकातच लिनियर, कर्व्ह, कार्डियाक तिन्ही प्रीसेट देतो आणि क्रिस्टल नसल्याने पडण्याला जरा सोसतो. पण ज्या फोनवर तो चालतो त्याची चार्जिंग पिन सैल झाली की सगळं ठप्प. फोन दवाखान्याचा, सिमविना, इतर अ‍ॅपविना ठेवा. मोठ्या मशीनला ऑनलाइन यूपीएस द्या. घरचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर लावला की चित्रात तिरक्या रेघा येतात आणि लोक प्रोबला दोष देतात. अर्थिंग नसेल तरी तसंच.


मोहफूल

शीर सापडत नाही तेव्हा वापरतो आम्ही. सर्पदंशात काही वेगळं लक्षात ठेवायचं का?


भूलभुलैया

हो, घोणसच्या दंशात रक्त गोठत नाही. मान किंवा सबक्लेव्हियनच्या वाटेला जाऊ नका, तिथे दाबून रक्त थांबवता येत नाही. दंडातली बॅसिलिक शीर लिनियर प्रोबने शोधा, खोली ३ सेंमी. दाबल्यावर मिटते ती शीर, मिटत नाही आणि उडते ती धमनी. शीर दीड सेंमीपेक्षा खोल असेल तर नेहमीची छोटी कॅन्युला आत कमी बसते आणि तासाभरात सुटून औषध बाहेर झिरपतं, लांब कॅन्युला घ्या. सुईचं टोक आणि सुईचा दांडा पडद्यावर सारखाच पांढरा ठिपका दिसतो. प्रोब थोडा पुढे सरकवून ठिपका गायब झाला पाहिजे. झाला तर ते टोक होतं.


काळं_पांढरं

आता तो कागदांचा विषय. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा, १९९४ चा, २००३ मध्ये सुधारलेला. प्रोब खिशात मावतो म्हणून त्याला सूट नाही. नोंदणी नसलेल्या ठिकाणी मशीन विकताही येत नाही आणि ठेवताही येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनुसार पोर्टेबल मशीन दोनच प्रकारे वापरता येतं: नोंदणी असलेल्या आवारात आंतररुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. तेव्हा पेशंटबरोबर १०८ मध्ये प्रोब टाकून देणं यात बसत नाही. शेजारच्या तालुक्यात शिबिराला नेणंही नाही. कॅज्युअल्टीत वापरायचं असेल तर आधी पेशंटची आंतररुग्ण म्हणून नोंद करा आणि मग प्रोब लावा.

नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर, त्यावर ज्यांची नावं आहेत त्यांनीच मशीन चालवायचं. नवा डॉक्टर किंवा नवं मशीन येणार असेल तर ३० दिवस आधी कळवायचं. गरोदर बाईवर प्रोब टेकवला, मग तो पोटातल्या रक्तासाठी असो, फॉर्म एफ भरायचाच. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. 'रात्रीची घाई होती' हे उत्तर चालत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फॉर्म एफ नीट न भरण्याला कारकुनी चूक म्हणायला नकार दिला. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. कोरे फॉर्म कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीत ठेवा, ऑफिसच्या कुलपात नकोत.

कायदा कडक का आहे हे आपल्या राज्यात तरी वेगळं सांगायला नको. पण आणीबाणीतल्या प्रोबसाठी वेगळी, सुटसुटीत तरतूद असायला हवी असं माझंही मत आहे.


अर्धाकप_चहा

शिकायचं किती? दोन दिवसांची कार्यशाळा पुरते का?


गोल्डन_अवर

प्रोब धरायला पुरते. अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेचा ठोकताळा प्रत्येक प्रकारासाठी २५ ते ५० तपासलेले स्कॅन असा आहे. 'तपासलेले' हा शब्द सोडू नका. स्वतःच केले आणि स्वतःच शाबासकी दिली असे ५० काही कामाचे नाहीत. दुर्गम ठिकाणी सोपा उपाय म्हणजे सहा सेकंदांच्या क्लिप जिल्ह्याच्या तज्ज्ञाला आठवड्याला पाठवणं. स्थिर फोटो नकोत, फुप्फुस सरकतंय की नाही ते फोटोत दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवली की बारीक बी-लाइन आणि पातळ पट्ट्या दाबून जातात. नाव-वय पडद्यावरून काढून.

शिकताना आधी नॉर्मल. ओपीडीतल्या धडधाकट माणसाची मॉरिसनची जागा, प्लीहा, सरकणारी प्ल्यूरा डोळ्यांत बसली की वेगळं दिसलेलं आपोआप खटकतं. हिवतापाच्या पट्ट्यात वाढलेल्या प्लीहाही बघून ठेवा. त्या सहज दिसतात, पण जराशा धक्क्याने फाटतात.


मोहफूल

रेफर चिठ्ठीत हे लिहायचं कसं? आमच्याकडे 'यूएसजी डन, फ्री फ्लुइड +' एवढंच लिहून पाठवतात.


सह्यकडा

ताई, असं लिहा:

"वेळ २.४०. बेडसाइड ई-फास्ट, मर्यादित तपासणी. यकृताच्या टोकाशी द्रव: आहे, अंदाजे १ सेंमीची पट्टी. प्लीहेभोवती: नाही. ओटीपोट: मूत्राशय रिकामं, ठरवता आलं नाही. हृदयाभोवती: नाही. प्ल्यूरा दोन्हीकडे सरकते. बीपी ८४/५०, नाडी १२८. पुन्हा ३.०५: यकृताकडची पट्टी वाढून २ सेंमी. ट्रॅनेक्झॅमिक १ ग्रॅम २.५५ ला सुरू."

प्रत्येक जागेला तीनच उत्तरं: आहे, नाही, ठरवता आलं नाही. लोक तिसरं लिहायला लाजतात आणि 'नाही' लिहून मोकळे होतात. पुढचा सर्जन तुमच्या 'नाही'वर विसंबून ओटीपोट पुन्हा बघत नाही.


मोहफूल

आणि पेशंट गरोदर असेल तर फॉर्म एफची प्रत चिठ्ठीबरोबर जोडायची?


काळं_पांढरं

नको, फॉर्म तुमच्याच रेकॉर्डला राहतो, किमान दोन वर्षं, आणि केस चालू असेल तर ती निकालात निघेपर्यंत. चिठ्ठीवर 'फॉर्म एफ भरला' आणि त्याचा क्रमांक टाका. आणि कारणाच्या रकान्यात 'अपघात, पोटातल्या रक्तस्रावाची शंका' असं स्पष्ट लिहा, नुसतं 'पोटदुखी' नको.